चिखलाचा गोळा

बाबांच्या उजव्या हाताची तर्जनी अर्ध्यातच संपते. किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी, दिवाळी उलटल्यावर, ती कडबाकुट्टीच्या पात्यात गेली. नखाचं पेर गेलंच, त्याच्या खालचंही निम्मं गेलं. तारीख आमच्या घरात कुणालाच आठवत नाही. कुट्टीत ज्वारीचा कडबा होता आणि जोडीतल्या पांढऱ्या बैलाने त्या दिवशी चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं आठवतं. तुटलेला तुकडा आजीने फडक्यात गुंडाळून परसातल्या कडुलिंबाखाली पुरला. मी तेव्हा सहा वर्षांची होते. पुरलेलं उगवतं, एवढं शेतीचं ज्ञान मला होतं. पुढचे दोन पावसाळे मी त्या जागेवर नजर ठेवून होते. एका वर्षी तिथे तरोटा उगवला. दुसऱ्या वर्षी तोही नाही.

बोटाचं पुढे काही विशेष झालं नाही. जखम शिवली, भरली, वर गुळगुळीत कातडं आलं. त्याच थोट्या बोटाने बाबा सरकी टोबायला भोक पाडायचे आणि रागावले की तेच आमच्यावर रोखायचे. अर्धं आहे म्हणून धाक अर्धा झाला नाही.

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. दोन वर्षांपूर्वी तिथल्या घरी माझ्या भाचीचं बोट लोखंडी दाराच्या फटीत सापडलं. पोर साडेतीन वर्षांची. शेंडा गेला, अर्ध्या नखासकट. भावाने मोटरसायकलवर तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी टाके घातले नाहीत. धुतलं, मलम लावलं, पट्टी बांधली आणि ‘लेकराचं बोट आहे, येईल भरून’ म्हणून परत पाठवलं. वहिनी परतीच्या रस्त्यात भावाशी एक शब्द बोलली नाही. एवढ्या लांब जाऊन नुसती पट्टी बांधून आणली म्हणून. तीन महिन्यांनी पाहिलं तर बोटाला पुन्हा गोल शेंडा, पुरं नख आणि शेंड्यावर बारीक रेषा. बाबांनी तिचा हात धरून उजेडात नेला. बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. मग मला विचारलं, “काऊन वं, हिचं उगोलं न माहं काऊन नाई उगोलं?”

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. असे प्रश्न वर्गात आले की ‘सिलॅबसमध्ये नाही’ म्हणून सुटता येतं. बाबांपुढे ती सोय नाही.

त्यांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर सोपं आहे. लहान मुलांच्या बोटाचा शेंडा तुटला आणि जखम न शिवता नुसती झाकून ठेवली, तर तो पुन्हा वाढतो, असं इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या मुलांच्या इस्पितळात सिंथिया इलिंगवर्थ या डॉक्टरबाईंनी १९७४ साली लिहून ठेवलं आहे. अट एकच, नखाचं मूळ शाबूत पाहिजे. उंदराच्या पायाच्या बोटाचंही तसंच: नखाच्या मुळाखाली कापलं की वाढ नाही, वर कापलं की आहे. बाबांची कुट्टी नखाच्या फार खाली चालली होती. तेव्हा शिवलं नसतं तरी काही उगवलं नसतं.

बाबांना हे पटलं, पण पुरलं नाही. त्यांनी वर बोट केलं, तेच बोट. पुढच्या खोलीत वेचलेल्या कापसाचा ढीग होता आणि वर भिंतीवर एक पाल होती. आठवडाभरापूर्वी दार लावताना तिचं शेपूट तुटून कापसावर पडलं होतं, आणि वळवळतं शेपूट पाहून भाचीने घर डोक्यावर घेतलं होतं. “तिले तं मुयासकट तुटलं तरी उगोते.”

आता पालीचा हिशोब वेगळा. ती शेपूट गमावत नाही, टाकते. शेपटीच्या मणक्यांमध्येच मोडायच्या जागा आधीपासून ठरलेल्या असतात. पुन्हा येतं ते मात्र पहिल्यासारखं नसतं. आत मणके येत नाहीत, कुर्च्याची एक सलग नळी येते, वरच्या खवल्यांची नक्षीही बदलते. बाबांनी हे न शिकता पाहिलेलं होतं. “दुसरं शेपूट भुंडं रायते,” ते म्हणाले. शिवाय वखरात तुटलेल्या गांडुळाची दोन गांडुळं होतात, ही आमच्या अख्ख्या गावाची समजूत बाबांनी फार पूर्वीच मोडीत काढली आहे. तोंडाकडचा तुकडा जगला तर जगतो, मागचा सुकतो, असं त्यांचं म्हणणं, आणि बहुतेक वेळा तसंच होतं.

मला छळत होतं ते वेगळंच. बोट कसं करायचं हे बाबांच्या शरीराला येत नव्हतं असं नाही. त्याने एकदा आईच्या पोटात दहाच्या दहा केली होती. ती कृती त्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आजही जशीच्या तशी लिहिलेली आहे, थोट्या बोटाच्या पेशीतसुद्धा. मग अडतं कुठे?

या प्रश्नामागे वाचत वाचत मी एका फार बारीक गोष्टीपाशी पोचले. जेमतेम बावीस अक्षरांची.

ती सांगायची तर आधी आमच्याकडचं रात्रीचं ओलीत सांगायला हवं. हिवाळ्यात शेतीची लाइन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रपाळीला बारा-साडेबाराला लाइन येते, मोटर सुरू होते, पाइपातून पाणी दांडात, म्हणजे मातीच्या पाटात, पडतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, मोटर चालली म्हणजे काम झालं. खरं काम त्यानंतरचं. दांड वावरभर गेलेला असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी सारे, म्हणजे पिकाचे लांब वाफे, जोडलेले असतात. कुठल्या साऱ्यात पाणी जाऊ द्यायचं आणि कुठल्यात नाही, हे ठरतं फावडंभर चिखलाने. गोळा काढला की सारा भरायला लागतो, गोळा लावला की पाणी पुढे सरकतं. बाबा रात्रभर एवढंच करतात. एक काढ, एक लाव. चिखल दाबताना फावडं बाजूला ठेवून हात लावतात, कारण फावड्याला गळती कळत नाही.

अकरावीत असताना मी हट्टाने त्यांच्यासोबत गेले होते. गव्हाच्या बाजूला एक पट्टा हरभऱ्याचा होता. बाबा स्टार्टर पाहायला विहिरीकडे गेले आणि मला सांगून गेले, हा सारा भरला की तोंड बंद कर आणि पुढचं फोड. मी धुऱ्यावर शाल गुंडाळून बसले आणि झोपले. उठले तेव्हा हरभरा पाण्यात उभा होता आणि त्यात चांदणं दिसत होतं. फार सुंदर दिसत होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. दहा-बारा दिवसांत तो पट्टा उभळला, पिवळा पडून वाळला. त्या वर्षी तिथून पायलीभरही दाणा निघाला नाही. मोटरमध्ये काही बिघाड नव्हता. पाणीही चांगलं होतं.

पेशीत साधारण असंच चालतं. जनुकाची मूळ प्रत केंद्रकात राहते, तिची कामचलाऊ नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, बाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. आम्ही वर्गात एवढंच शिकवतो: मोटर, पाइप, पाणी. चिखलाचा गोळा आमच्या फळ्यावर फारसा येत नाही. तो आहे हे शास्त्रज्ञांनाही उशिराच कळलं. व्हिक्टर अँब्रोस आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या रोझलिंड ली, रोंडा फाइनबॉम हे मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीवर काम करत होते. त्या कृमीत लिन-४ नावाचं एक जनुक बिघडलं की त्याची वाढ वयाचा क्रमच विसरायची. लहानपणीचे टप्पे पुन्हा पुन्हा गिरवायची. हे जनुक कुठलं प्रथिन बनवतं ते शोधायला गेले तर प्रथिन निघालंच नाही. निघाला बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा. तिकडे गॅरी रुव्हकन लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशावर काम करत होते. त्या संदेशाच्या शेपटाशी या तुकड्याला बिलगतील अशी अक्षरं होती. तुकडा तिथे बसतो आणि त्या संदेशावरून प्रथिन बनणं मंदावतं. हे छापून आलं डिसेंबर १९९३ मध्ये. बाबांचं बोट गेलं तेही त्याच सुमारास. योगायोगच तो, पण वर्गात सांगताना मला सोडवत नाही.

पुढची सात वर्षं या शोधाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. एका कृमीचं खूळ म्हणून तो पडून राहिला. २००० साली रुव्हकन यांच्याच गटाला लेट-७ सापडला, आणि तोच तुकडा जवळपास अक्षरन् अक्षर माशी, मासा आणि माणूस यांच्यातही निघाला. तेव्हा सगळे जागे झाले. अशा तुकड्यांना आता मायक्रोआरएनए म्हणतात. माणसात ते शेकड्यांनी आहेत. अँब्रोस आणि रुव्हकन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. बाबांना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त ‘कृमीवर?’ असं विचारलं.

गोळ्याची उपमा मला आवडते ती आणखी एका कारणासाठी. चिखल लावला तरी थोडं पाणी झिरपतंच. मायक्रोआरएनएही बहुधा पुरतं बंद करत नाही, कमी करतो. पण एकच जातीचा तुकडा शेकडो वेगवेगळ्या संदेशांवर बसू शकतो, कारण त्याला पूर्ण जुळणी लागत नाही. त्याच्या तोंडाकडची सहा-सात अक्षरं जुळली की भागतं. म्हणजे एका वेळी वावरातल्या शेकडो साऱ्यांच्या तोंडांवर थोडा थोडा हात. असा एक तुकडा कमी-जास्त झाला की अख्ख्या पेशीची चालच बदलते.

आणि पुन्हा उगवणं, मला जेवढं कळलं त्यावरून, या हाताचाच खेळ आहे.

झेब्रा मासा घ्या. बोटाएवढा, पट्टेवाला, आपल्याच उपखंडातल्या नद्यांमधला; १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांमध्ये त्याची पहिली नोंद झाली. त्याच्या हृदयाच्या जवनिकेचा, म्हणजे रक्त पुढे ढकलणाऱ्या कप्प्याचा, पाचवा हिस्सा कापून काढला तरी दोनेक महिन्यांत तो भरून निघतो, हे २००२ साली केनेथ पॉस आणि मार्क कीटिंग यांच्या गटाने दाखवलं. परही असाच परत येतो. धडधाकट परात मिर-१३३ नावाचा मायक्रोआरएनए भरपूर असतो. पर कापला की वाढीचा एक संकेत त्याला कमी करतो आणि त्याने दाबून धरलेले संदेश मोकळे होतात. २००८ साली पॉस यांच्याच गटाने तो कमी होऊ न देण्याचा प्रयोग केला: पर रखडला. मुद्दाम आणखी कमी केला: पर लवकर वाढला. म्हणजे माशाजवळ वाढीची कुठली खास मोटर आहे असं नाही, त्याला गोळा काढता येतो. २०१६ साली अमेरिकेतल्या हिरव्या अनोल सरड्याच्या नव्या शेपटीतही मिर-१३३ ची भावंडं मोजली गेली. आमच्या भिंतीवरच्या पालीची मात्र मी तशी मोजदाद कुठे वाचली नाही, आणि बाबांना हवी होती तीच.

मेक्सिकोतल्या ॲक्सोलॉटल या पाण्यातल्या शेपटीवाल्या उभयचराचा मज्जारज्जू तुटला तरी जुळतो. उंदराचा जुळत नाही, तिथे व्रण बसतो. २०१४ मध्ये दोघांची तुलना झाली. मिर-१२५बी हा तुकडा ॲक्सोलॉटलमध्ये जास्त, उंदरात कमी. ॲक्सोलॉटलमधला उंदराइतका उतरवला तर त्याचाही मज्जारज्जू नीट जुळेना. इथे हिशोब उलटा आहे, हे लक्षात घ्या. परात गोळा काढावा लागतो, इथे ठेवावा लागतो. कुठल्या साऱ्याला किती, हे ज्या त्या वावरावर.

लेट-७ बद्दल मला जरा रागच आहे. भ्रूणात तो जवळपास नसतो, वय वाढतं तसा वाढत जातो आणि पेशींना ‘आता मोठ्या झालात, पोरपण पुरे’ असं बजावत राहतो. लिन-२८ हे प्रथिन त्याला तयारच होऊ देत नाही. २०१३ साली उंदरांमध्ये लिन-२८ चालू ठेवून पाहिलं तर कानाची भोकं जास्त चांगली बुजली, छाटलेली बोटं जास्त सावरली, भादरलेले केस लवकर आले. मला लगेच साडेतीन वर्षांचं एक बोट आणि साठीतलं एक बोट दिसलं. एवढी सरळ रेघ ओढायची नसते, हे मी विद्यार्थ्यांना सांगते. पण ओढली.

एक प्राणी असा आहे की जो या सगळ्यांच्या पुढे जातो. एम.एस्सी.ला प्लॅनेरिया मी फक्त काचपट्टीवर पाहिला: मेलेला, लाल रंगवलेला, दोन तिरळे डोळे. हा चपटा कृमी कापला तर तुकड्यातुकड्यातून अख्खा प्राणी होतो. थॉमस हंट मॉर्गन यांनी १८९८ च्या सुमारास असे पुष्कळ तुकडे केले होते. शरीराच्या २७९ व्या हिश्शातूनही प्राणी उभा राहतो असा त्यांचा हिशोब. हे करतात त्याच्या अंगभर पसरलेल्या मूळपेशी, निओब्लास्ट. त्या पेशींत पीवी जातीची प्रथिनं असतात, आणि ती मायक्रोआरएनएपेक्षा थोडे लांब असे तुकडे धरून बसतात. जनुकसंचात इकडून तिकडे उड्या मारणारे उपद्रवी तुकडे असतात, त्यांना ठिकाणावर ठेवणं हे त्यांचं काम. कापूस वेचताना सोबत चुकार गाय येऊ नये म्हणून पोर बसवतात, तसं. २००५ साली पीटर रेडियन, आलेहांद्रो सांचेझ अल्वाराडो आणि सहकाऱ्यांनी प्लॅनेरियातलं असं एक प्रथिन, स्मेडवी-२, गप्प केलं. कसं? वाटलेल्या कलेजीत त्या जनुकाशी जुळणारा दुहेरी धाग्याचा आरएनए मिसळून त्याला खाऊ घातला. तेवढ्याने निओब्लास्ट मेले नाहीत. त्या विभागत राहिल्या, त्यांची पिल्लंही जखमेपर्यंत चालत गेली. पण जागेवर पोचून कशाचंच काही बनेना. काही आठवड्यांत प्राणी संपला. कामावर माणसं आली, पण काम कुणालाच येईना, अशी ती अवस्था. बंगळुरूच्या इनस्टेम या मूळपेशी संशोधन संस्थेत दासरधी पालाकोडेती यांची प्रयोगशाळा याच प्राण्यावर काम करते. मिर-१२४ काढून घेतला तर त्याचा नवा मेंदू आणि डोळे नीट उगवत नाहीत, हे २०१७ साली त्यांच्याकडूनच आलं.

हे सगळं मी बाबांना एकदम सांगितलं नाही. सणावाराला, कापसाच्या गंजीवर बसून, तुकड्यातुकड्याने. डुकरांचं मात्र गेल्या पौषात सांगितलं, वावरात, रात्री. लाइन आलेली होती. आम्ही धुऱ्यावर बसलो होतो. हरभरा यंदाही होता, फक्त आता तुषारवर. गव्हाला अजून दांडच.

माणसाचं हृदय झटक्यानंतर भरून येत नाही, मेलेल्या जागी व्रण होतो. उंदराचं पिल्लू मात्र जन्मल्यावर सात दिवसांच्या आत हृदय भरून काढू शकतं, मग ते दार लागतं. इटलीतल्या माउरो जाक्का यांच्या गटाने २०१२ साली असे मायक्रोआरएनए शोधले की जे उंदराच्या थांबलेल्या हृदयपेशींना पुन्हा विभागायला लावतात. त्यांतला एक मिर-१९९ए. मग तो डुकरांत नेला, कारण डुकराचं हृदय आपल्यासारखं. झटका आलेल्या हृदयात निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर तो पोचवला. महिनाभरात व्रण लहान झाला, स्नायू वाढला, हृदय जोराने चालायला लागलं. २०१९ साली छापून आलेला हा निकाल वाचताना पहिल्या अर्ध्या पानावर माझ्या अंगावर काटा आला होता.

“मंग?” बाबा म्हणाले.

मग त्यातली बहुतेक डुकरं अचानक मेली. हृदयाचा ठोका चुकून. गेलेला तुकडा पेशींत तसाच काम करत राहिला, पेशी वाढत राहिल्या, आणि नव्या कच्च्या पेशींनी हृदयाची लय मोडली.

बाबा गप्प राहिले. समोर सारा अर्धा भरला होता, बॅटरीच्या उजेडात पाण्याचं तोंड फेस घेऊन पुढे सरकत होतं.

“बंद कराचं ठेवलं नोतं का त्यायनं?”

नव्हतं ठेवलं. विषाणूच्या पाठीवर गेलेलं जनुक परत बोलावता येत नाही. म्हणून आता काही दिवसच टिकेल असा कृत्रिम तुकडा नुसता टोचायच्या मागे ते आहेत. उंदरांत २०१७ साली तसं झालंही, एकदाच टोचून, थोडेच दिवस टिकणारं. मी हे सांगत होते आणि बाबा ऐकत होते की नाही कळेना.

“तुनं तं हरभऱ्यात केलं होतं तसं,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तो हरभरा पहिल्यांदा काढला.

तेवढ्यात लाइन गेली. विहिरीकडची मोटर घरघरत थांबली. पण दांडात होतं ते पाणी चालूच राहिलं, भरत आलेल्या साऱ्याच्या तोंडाने आत शिरत राहिलं. बाबा उठले. बॅटरी दातांत धरली, वाकले, दांडातून एक मूठ चिखल उचलून तोंडावर दाबला. हात तिथेच ठेवून थोडं थांबले. मग थोट्या बोटाच्या बाजूने पाणी अजून झिरपतंय हे त्यांना लागलं असावं. त्यांनी आणखी एक मूठ घेतली.